पेसा आणि वनहक्क कायदा : पुणे जिल्ह्यात गल्लत कुठे होते

पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, म्हटलं की ‘पेसा भरती’, म्हणजे त्या भागातली नोकरभरती, आठवते. जंगलाकाठच्या वाडीत तोच पेसा जमिनीच्या दाव्याशी जोडला जातो. ‘तुमचं गाव पेसात नाही, मग वनहक्क कसला?’ असं ऐकून माघारी फिरलेली माणसं मुळशी-वेल्ह्याकडे भेटतात. हे उत्तर साफ चुकीचं आहे आणि त्यापायी बापजाद्यांपासून कसलेली जमीन हातची जाऊ शकते.

पेसा १९९६ चा. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतराजला घटनात्मक दर्जा दिला, पण राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतली क्षेत्रं, म्हणजे आदिवासींसाठी जाहीर केलेली ‘अनुसूचित क्षेत्रं’, त्यातून वगळली होती. भुरिया समितीच्या शिफारशींनंतर त्यांच्यासाठी पेसा झाला. तो आधी गाव कुठे आहे हे बघतो. पुणे जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र आहे ते आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांच्या काही भागात. तिथे भूसंपादनाआधी ग्रामसभेचा किंवा पंचायतीचा सल्ला घ्यावा लागतो. सावकारी, गावबाजार, गौण वनोपज (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल) यांवरही त्यांना अधिकार आहेत.

वनहक्क कायदा, म्हणजे जंगलावर जगणाऱ्यांचे वनजमिनीवरचे हक्क मान्य करणारा कायदा, २००६ चा, आणि त्याचं मूळ फार मागे आहे. इंग्रजांनी १८६५ मध्ये पहिला वन कायदा केला, १८७८ मध्ये तो आणखी कडक केला. जंगल राखीव करणार असं सरकार जाहीर करी. ज्याचा हक्क असेल त्याने ठरलेल्या मुदतीत अधिकाऱ्यापुढे सांगायचा. नाही सांगितला तर हक्क संपला. घाटमाथ्यावर नाचणी-वरई पिकवणाऱ्या महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी कुटुंबांनी हे कागद वाचायचे कसे, आणि साहेबापुढे उभं राहायचं कसं? आपल्याच रानात ती अतिक्रमणदार ठरली. १९२७ च्या कायद्याने हीच चौकट पुढे चालवली आणि स्वातंत्र्यानंतरही ती तशीच राहिली. वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेत म्हणूनच ‘ऐतिहासिक अन्याय’ मान्य केला आहे. सरकारने स्वतःच्या कायद्यात एवढं स्पष्ट लिहावं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

म्हणून हा कायदा गाव अनुसूचित क्षेत्रात आहे का, हे विचारत नाही. जमीन वनजमीन आहे का, १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताबा आहे का, पोट त्या जंगलावर आहे का, हे विचारतो. बिगर-आदिवासींना मात्र ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. कसणुकीची जमीन जास्तीत जास्त ४ हेक्टर मिळते, पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो. तो वारसांकडे जातो, विकता येत नाही. वाडी खासगी मालकीच्या जागेवर असेल तर मात्र हा कायदा उपयोगी पडत नाही, आणि अनेक कातकरी वाड्यांची अडचण नेमकी तीच आहे.

दोन्ही कायदे एकत्र येतात ते हिरड्यापाशी. भीमाशंकरच्या रानात उन्हाळ्यात कोवळी फळं काढतात, अंगणात पसरून वाळवतात. काळी, सुरकुतलेली आणि कडक झाली की तो बाळहिरडा. आंबेगावच्या अनुसूचित गावात या वनोपजाची मालकी पेसाने दिलेली आहे. गोळा करून विकण्याचा हक्क वनहक्क कायद्यानेही दिला आहे, आणि तो पेसाबाहेरच्या गावालाही आहे, अभयारण्याच्या हद्दीतही आहे.

दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे करायचा. पुरावा म्हणजे फक्त सातबारा किंवा उपग्रहाचं चित्र नव्हे. जुना बांध, विहीर, दफनभूमी, देवाचं ठाणं, दावेदार नसलेल्या जाणत्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब, हे सगळं नियम १३ मध्ये बसतं. एकाहून अधिक पुरावे जोडावेत. ग्रामसभेचा निर्णय मान्य नसेल तर ६० दिवसांत उपविभागीय समितीकडे जाता येतं, त्यापुढे जिल्हा समितीकडे. २०२० मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने जिल्हा समितीच्या निर्णयावरही विभागीय समितीकडे अपील करण्याची सोय झाली, पण ती अनुसूचित क्षेत्रापुरती. गाव पेसात आहे की नाही हा प्रश्न वनहक्काच्या दाव्यात येतो तो इथे, या शेवटच्या पायरीवर. दावा दाखल करताना नाही.