लाल, पिवळा, निळा : तीन भडक रंगांची पार्श्वभूमी

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसलेल्या कोणालाही लाल, पिवळा, निळा हे प्राथमिक रंग म्हणून पाठ असतात. त्याच तीन रंगांचा लोगो किंवा कुर्ता मात्र बहुधा अंगावर येतो. कारण हे त्रिकूट ज्यांनी रूढ केलं त्यांनी पांढरा आणि काळाही तितक्याच काटेकोरपणे वापरला होता, आणि नक्कल करणारे नेमके तेच दोन विसरतात.

तीन रंगांवर सगळं भागवायची कल्पना मुळात छापखान्यातली. याकोब ख्रिस्तोफ ल ब्लाँ याने १७१९ मध्ये इंग्लंडमध्ये त्याचं पेटंट घेतलं. निळ्या, पिवळ्या आणि लाल शाईच्या तीन वेगळ्या प्लेट एकाच कागदावर एकावर एक छापायच्या, की बाकीच्या छटा आपोआप तयार होतात. गरज पडेल तिथे तो चौथी, काळी प्लेटही जोडत असे. आजच्या चाररंगी छपाईचा सांगाडा हाच आहे. लाल-निळ्याऐवजी मॅजेंटा (गडद गुलाबी) आणि सायन (हिरवट निळा) आले इतकंच.

रंग न मिसळता, शेजारी शेजारी सपाट ठेवायची रीत हॉलंडची. १९१७ मध्ये थेओ व्हान डूसबर्गने ‘डे स्टाइल’ हे मासिक सुरू केलं. चित्रकार पीट मोंद्रियान त्याच वर्तुळातला. त्याच्या १९२०च्या दशकातल्या बऱ्याच चित्रांत रंगांचे चौकोन कडेला ढकललेले असतात आणि मधली मोठी जागा पांढरी किंवा फिकट राखाडी असते. १९३०च्या एका रचनेत लालाने बहुतेक चित्र व्यापलंय, पण तिथेही निळा डाव्या कोपऱ्यात आणि पिवळा उजवीकडे खाली अगदी चिंचोळा आहे. तिन्ही रंग समान वाटून दिलेत असं होत नाही. याच वर्तुळातल्या खेरिट रीटव्हेल्ड या डिझायनरच्या खुर्चीत तर हिशेब आणखी कडक : पाठ लाल, बैठक निळी, चौकट काळी, आणि पिवळा फक्त लाकडी दांड्यांच्या कापलेल्या टोकांवर. ही खुर्ची आधी बिनरंगाची होती. रंग १९२३च्या सुमारास चढले.

याच काळात बाउहाउस या जर्मनीतल्या कलाशाळेत शिकवणाऱ्या योहानेस इटनने पुढे जर्मन कवी गटेचं जुनं प्रमाण वापरलं, कुठल्या रंगाला किती जागा द्यायची याचं : पिवळा ३, लाल ६, निळा ८. पिवळा सर्वांत उजळ, म्हणून त्याला जागा सर्वांत कमी. आजही पहिला आराखडा करताना हे आकडे उपयोगी पडतात, निदान चूक कुठे आहे ते कळतं.

फॅशनमध्ये हे आणण्याचं श्रेय फ्रेंच डिझायनर इव्ह सां लोराँच्या १९६५च्या शरद-हिवाळी कलेक्शनला जातं. (त्याआधी कोणी हात लावला नव्हता असं नाही.) लोकरी जर्सीचा सरळ झग्यासारखा पोशाख, आणि चौकोन छापलेले नव्हेत, तर प्रत्येक रंगाचा तुकडा वेगळा कापून जोडलेला. अंगाला बेतण्यासाठी लागणारा सगळा आकार त्या जोडांच्या शिवणीत लपवला होता, त्यामुळे छातीवर वेगळे टक्स दिसत नाहीत आणि रेषा सरळ राहतात. स्वस्त नकला फसतात त्या इथे. ताणल्या जाणाऱ्या कापडावर चौकटी नुसत्या छापल्या की अंगात घातल्यावर त्या वाकतात, आणि बाजूच्या शिवणीवर आडव्या पट्ट्या जुळत नाहीत. शिवाय लाल कापडाचा रंग पक्का नसेल तर पहिल्याच धुण्यात पांढरा भाग गुलाबी होतो. म्हणून कापण्याआधी लाल तुकडा ओल्या पांढऱ्या कापडावर घासून बघावा.

मोंद्रियानच्या चौकोनांमध्ये असते तशी काळी रेषा छपाईत चुका झाकायच्या कामी येते. लाल रंग १०० टक्के मॅजेंटा आणि १०० टक्के पिवळा मिळून होतो. प्लेट केसभर सरकली तरी लालाच्या कडेला पिवळी किंवा गुलाबी किनार डोकावते. रंगाच्या कडेवर ओव्हरप्रिंट केलेली, म्हणजे खालच्या रंगावरच छापलेली, जाड काळी रेषा ती गिळून टाकते. रेषा काढून टाकणाऱ्याला ट्रॅपिंग, म्हणजे शेजारच्या रंगांच्या कडा किंचित एकमेकांवर चढवणं, स्वतः द्यावं लागतं.

स्क्रीनवर वेगळी अडचण येते. शुद्ध पिवळ्याचा पांढऱ्यावरचा कॉन्ट्रास्ट (दोन्हींच्या उजळपणाचं गुणोत्तर) जेमतेम १.०७ : १ आहे, वाचनीय मजकुराला किमान ४.५ : १ लागतो. शुद्ध लालही ४ : १ च्या आसपास अडतो, शुद्ध निळा साडेआठच्या वर जातो. म्हणजे पांढऱ्यावर मजकूर लिहायचा तर निळ्यात किंवा काळ्यात, आणि पिवळ्यावर अक्षरं हवी असतील तर काळीच.