लिव्हर ‘पी’वर, गाडी मात्र उताराला

2022 च्या जूनमध्ये फोर्डने अमेरिकेत सुमारे 29 लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. गिअर लिव्हरची केबल गिअरबॉक्सला जिथे जोडलेली असते, तिथला छोटासा बुश (केबल धरून ठेवणारी कडी) खराब होऊन निसटू शकत होता. ऑटोमॅटिक गाडीचा लिव्हर ‘पी’वर, म्हणजे पार्किंगवर, नेला तरी ती हालचाल गिअरबॉक्सपर्यंत पोचण्याची खात्री उरली नव्हती.

‘पी’ टाकल्यावर ब्रेक लागतो, असा समज बऱ्याच जणांचा असतो. तसं नसतं. गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवर एक दातेरी चक्र असतं आणि ‘पी’मध्ये एक पोलादी खिट्टी त्याच्या खाचेत बसते. एवढंच! दीड टनाची गाडी 10 अंशांच्या उतारावर साधारण 260 किलो वजनाइतक्या जोराने खाली ओढली जाते. हँडब्रेक लावला नसेल तर तो सगळा भार त्या एका खिट्टीवर येतो.

गाडी ‘पी’मध्ये थांबत नसेल तर आधी कान द्या. सपाट, मोकळ्या जागी लिव्हर ‘पी’वर ठेवून इंजिन बंद करा, एकाला आत ब्रेकशी बसवा, हँडब्रेक सोडा आणि बाजूने गाडी हलकेच ढकला. दोन-चार सेंटीमीटर सरकून गचकन थांबली तर खिट्टी बसली आहे. तेवढी मोकळीक असतेच. कट-कट आवाज करत पुढे जात राहिली तर खिट्टी दात्यांवरून घसरतेय. ती अर्धवट खाली येत असेल किंवा दाते झिजले असतील. अजिबात आवाज नसेल तर बहुधा खिट्टी खाली येतच नाही, म्हणून केबल आणि बुश आधी तपासायला सांगा. लिव्हर ढिला लागणं, ‘डी’ (पुढे जाण्याची जागा) टाकूनही गाडी मागे जाणं, ही त्याचीच लक्षणं. मीटरवरच्या ‘पी’वर विसंबू नका, काही गाड्यांत तो फक्त लिव्हरची जागा दाखवतो.

हे कळलं तर गिअरबॉक्स उतरवण्याचा मोठा खर्च अनेकदा वाचतो.

एक कारण मात्र गिअरबॉक्सच्या बाहेर असतं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत एका बाजूचा ड्राइव्ह शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) तुटला किंवा निसटला, तर खिट्टी घट्ट बसूनही गाडी घरंगळते. डिफरन्शियल दोन्ही बाजूंना वेगवेगळं फिरू देतं, त्यामुळे मोकळी बाजू उलटी फिरते आणि दुसरं चाक सुटतं. पंक्चर काढताना अशा गाडीचं पुढचं एक चाक जॅकवर उचललं की हेच होतं. म्हणून जॅक लावण्याआधी हँडब्रेक ओढा आणि मागच्या चाकांना दगड लावाच.

आपल्याकडच्या बहुतेक एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सचे गिअर यंत्रानेच बदलणाऱ्या) गाड्यांना ‘पी’ नसतोच. तिथे हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवतात. ‘पी’ असलेल्या गाडीत क्रम असा ठेवा: पाय ब्रेकवर, लिव्हर ‘एन’वर (न्यूट्रल), हँडब्रेक, मग पाय हळूच सैल. गाडीचा भार हँडब्रेकवर आला की पुन्हा ब्रेक दाबून ‘पी’. घाटात थांबून परत निघताना लिव्हर खटकन, जोर लावून सुटत असेल, तर आदल्या वेळी भार खिट्टीवरच राहिला होता.