खिलाडूवृत्तीचे गुण कोणी द्यायचे? वॉरगेमिंगमधल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

टेबलटॉप वॉरगेम म्हणजे स्वतः रंगवलेल्या छोट्या सैनिकांच्या आणि रणगाड्यांच्या प्रतिकृती टेबलावर हलवून, फासे टाकून खेळायची लढाई. त्याच्या मोठ्या स्पर्धेत एकाच हॉलमध्ये शंभर-शंभर टेबले लागतात आणि पंच मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. रणगाडा नेमका किती इंच सरकला, भिंतीला टेकून कललेला फासा धरायचा की पुन्हा टाकायचा, आडोशामागचा सैनिक दिसतो की नाही, हे सगळे टेबलापाशी उभे असलेले दोघेच ठरवतात. त्या दोघांनाही जिंकायचे असते. खिलाडूवृत्तीला गुण द्यावेत का आणि ते कोणी द्यावेत, या वादाचे मूळ इथे आहे.

मुळात या खेळात पंच होता आणि तोच सर्वेसर्वा होता. प्रशियाच्या सैन्यातला तरुण अधिकारी गेओर्ग फॉन राइसविट्झ याने १८२४ मध्ये 'क्रीगश्पील'चे नियम छापले. त्यात दोन्ही बाजूंचे अधिकारी हुकूम लिहून पंचाकडे देत. नकाशावरच्या सोंगट्या हलवणे आणि नुकसान मोजणे हे पंचाचे काम. १९१३ मध्ये इंग्रज लेखक एच. जी. वेल्सने खेळण्यातल्या सैनिकांच्या लढायांचे नियम प्रसिद्ध केले. तिथे स्प्रिंगच्या तोफेतून खरोखरच गोळा उडायचा आणि जो सैनिक पडला तो मेला, त्यामुळे वादाला जागा कमी. चाल करायला वेळेची मर्यादाही होती. मात्र युद्धखेळ असा दिवाणखान्यात आला आणि पुढे घरोघर, क्लबांत पसरला, तसा प्रत्येक डावाला पंच मिळणे बंद झाले.

स्पर्धांची खरी लाट आली ती ब्रिटिश कंपनी गेम्स वर्कशॉपच्या खेळांमुळे. 'वॉरहॅमर' १९८३ चा, 'वॉरहॅमर ४०,०००' १९८७ चा. दोन्हींच्या नियमांत ऐसपैस मोकळीक होती. अर्थावरून वाद झाला तर फासा टाकून निकाल लावा आणि खेळ पुढे न्या, असे नियमपुस्तकच सांगायचे. त्यातच अंतर आधी मोजायला बंदी. नजरेने अंदाज घ्यायचा, हल्ला जाहीर करायचा आणि मगच टेप लावायची. मित्राबरोबर खेळताना यात मजा आहे, पण बक्षीस पणाला लागले की याच अर्ध्या इंचावरून आवाज चढतात.

म्हणून १९९० च्या दशकातल्या ग्रँड टूर्नामेंटमध्ये आणि नंतर अमेरिकेतल्या दुकानांत होणाऱ्या एकदिवसीय स्पर्धांमध्ये लढाईच्या गुणांना जोडून तीन गोष्टींचे गुण आले: रंगकाम, सैन्याची रचना (म्हणजे सैन्यात काय काय निवडले) आणि खिलाडूवृत्ती. त्यांना 'सॉफ्ट स्कोअर' म्हणत. हेतू चांगलाच होता. सगळे डाव जिंकूनही समोरच्याला छळणारा माणूस एकूण विजेता ठरू नये, एवढेच आयोजकांना हवे होते.

पण कागद भरत होता प्रतिस्पर्धी. डाव संपतो, सैन्याचा धुव्वा उडालेला असतो, पुढची फेरी वीस मिनिटांवर आलेली असते आणि हातात एक तक्ता येतो: वेळेवर आला का, नियम माहीत होते का, मोजमाप नीट केले का, पुन्हा खेळायला आवडेल का. भिडस्त माणूस सगळीकडे पूर्ण गुण देतो, चिडलेला वचपा काढतो. तिसरा प्रकार सगळ्यांत वाईट. आपल्या वर कोण आहे हे पाहून, शांत डोक्याने, त्याला तळाचे गुण देणारा. या प्रकाराला तिकडे 'चिपमंकिंग' असे नावच पडले. उदाहरणादाखल, शंभरपैकी वीस गुण खिलाडूवृत्तीचे, पाच फेऱ्या, दर फेरीला चार. बाकी सगळ्यांना सरसकट चारच मिळत असतील, तर एका माणसाने दिलेला एक शून्य पहिला क्रमांक हिसकावायला पुरतो. रडीचा डाव रोखायला आणलेले गुणच रडीचे हत्यार झाले.

आयोजकांनी तोडगे खूप काढले. सर्वांत कमी गुण वगळायचे, शून्य द्यायचे तर पंचाला कारण सांगायचे, ढोबळ आकड्यांऐवजी हो-नाही प्रश्न ठेवायचे, किंवा शेवटी आपल्या आवडत्या प्रतिस्पर्ध्याला एक मत द्यायचे. मला यातला शेवटचा मार्ग सर्वांत न्याय्य वाटतो. त्यात कोणाचे काही कापता येत नाही, फक्त देता येते.

दुसरी प्रतिक्रिया टोकाची होती. २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत 'आर्ड बॉइझ' स्पर्धा आल्या. तिथे सॉफ्ट स्कोअर नाहीत, लढा आणि जिंका. पुढे मोठ्या स्पर्धांचा कल बहुतांशी तिकडेच झुकला. गंमत म्हणजे रंगकाम टिकले. नियमांच्या २०२० च्या आवृत्तीपासून 'वॉरहॅमर ४०,०००'च्या डावात शंभरपैकी दहा गुण रंगवलेल्या सैन्याचे आहेत. रंग आहे की नाही हे कोणालाही दिसते; शेजारच्याच्या मनात काय आहे ते दिसत नाही.

भांडणांची कारणेही नियमांतून हळूहळू काढली गेली, आणि माझ्या मते गुणांच्या कोणत्याही तक्त्यापेक्षा याचा उपयोग जास्त झाला. 'वॉरहॅमर'च्या २०१० च्या आणि 'वॉरहॅमर ४०,०००'च्या २०१२ च्या आवृत्तीने अंतर आधी मोजायची मुभा दिली. मुद्दाम संथ खेळून डावातल्या शेवटच्या चाली बुडवणाऱ्यांवर बुद्धिबळाच्या घड्याळाचा उपाय आला. गैरवर्तनाला अनेक ठिकाणी पिवळे-लाल कार्ड असते आणि ते पंच दाखवतो.

बाहेरच्या खेळांकडे पाहिले तर फरक उठून दिसतो. आयपीएलचे फेअर प्लेचे गुण पंच देतात. २०१८ च्या फुटबॉल विश्वचषकात जपान आणि सेनेगल सगळ्या बाबतींत बरोबरीत राहिले, तेव्हा कमी पिवळ्या कार्डांवर, चार विरुद्ध सहा, जपान पुढे गेला. ती कार्डेही रेफरीचीच. अल्टिमेट फ्रिस्बी हा उडत्या तबकडीचा, पंचांशिवाय चालणारा सांघिक खेळ वॉरगेमिंगचा खरा सख्खा शेजारी. तिथे प्रतिस्पर्धी संघच पाच बाबींवर शून्य ते चार गुण देतो, पण दोन म्हणजे 'चांगले' हे आधीच ठरलेले असते. त्याहून वर किंवा खाली जायचे तर संघाने आपसांत बोलून ठरवायचे. त्या गुणांचे बक्षीसही वेगळे असते.

वॉरगेमिंगमध्ये संघाऐवजी एकटा माणूस असतो आणि त्याला बोलायला कोणी नसते, ही अडचण उरतेच. कार्ड पंचाने पाहिले तरच निघते. तीन तास टोमणे मारणारा, प्रत्येक फाशावर हरकत घेणारा, पण नियमात चोख बसणारा खेळाडू आजही सुटतो. त्याच्यासमोर बसलेला पहिल्यांदाच आलेला पोरगा हात वर करून पंचाला बोलवत नाही, कारण तसे बोलावता येते हेच त्याला कोणी सांगितलेले नसते. हे पहिल्या फेरीआधी माइकवरून सांगायला आयोजकांना एक मिनिट पुरेल.