‘९९९९ इन १’मध्ये खरंच किती गेम होते?

महाद्वार रोडवरनं आणलेल्या टीव्ही गेमच्या पिवळ्या कॅसेटीत ‘९,९९९ गेम’ होते, असं आमच्या पिढीतले कोल्हापूरकर आजही छातीठोकपणे सांगतात. ‘आपण सगळे खेळलोच नाही,’ ही हळहळ वर! ती सोडा. सगळे खेळून झाले होते.

साधा हिशेब बघा. १९८५चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अख्खा ४० किलोबाइटचा. एवढ्याच आकाराचे ९,९९९ गेम धरले तर सुमारे ४०० मेगाबाइट होतात, म्हणजे सीडीचा अर्ध्याहून जास्त भाग. टीव्ही गेमच्या कॅसेटीतल्या चिपमध्ये एवढं मावणं शक्यच नव्हतं.

मग यादी एवढी लांब कशी? मेनूतली पहिली ओळ मारिओ पहिल्यापासून सुरू करायची. पुढची तोच मारिओ, पण थेट वरच्या लेव्हलवर. ‘कॉन्ट्रा’ एका नावाखाली तीन लाइफचा, दुसऱ्या नावाखाली तीसचा. ओळ निवडली की मेनूचा छोटा प्रोग्राम मेमरीत लेव्हलचा किंवा लाइफचा आकडा भरून त्याच गेममध्ये उडी मारायचा. एका ओळीला खर्च मोजक्या बाइटांचा. काही कॅसेटवाल्यांनी तर तेवढीही तसदी घेतली नाही, नुसती नावं बदलली. मूळ गेम बहुतेकदा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

कीबोर्डवाला ‘कॉम्प्युटर’ घेणाऱ्यांचंही तेच. आत टीव्ही गेमचंच, म्हणजे फॅमिकॉम या निन्टेंडोच्या जपानी गेमयंत्राच्या नकलेचं यंत्र, कॅसेटही तीच. फक्त घरच्यांना ‘अभ्यासाला होईल’ म्हणून पटवणं सोपं जायचं.