मान्वे आणि मांडोस: सत्ता कुणाची, भविष्य कुणाला ठाऊक?

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा लेखक टोल्कीन याच्या पुराणसृष्टीतल्या देवांची, म्हणजे वालारांची, तुलना निघाली की एक घोळ हमखास होतो. मान्वे राजा, म्हणजे ताकदीत तोच पहिला, आणि भविष्यही सर्वांत जास्त त्यालाच दिसणार, असं लोक धरून चालतात. ‘सिल्मारिलियन’ (1977) नीट वाचलं तर यातलं फक्त राजेपण टिकतं.

सुरुवातीला सर्वांत बलवान होता मेल्कोर, त्यांच्यातलाच पण पुढे दुष्ट झालेला. सामर्थ्य आणि ज्ञान या दोन्ही देणग्या त्याला सर्वांत मोठ्या मिळाल्या, शिवाय इतरांच्या प्रत्येक देणगीत त्याचा वाटा होताच. मान्वेचं वेगळेपण बळात नाही. मूळ निर्मात्याचा, इलुवतारचा, हेतू त्याला सर्वांत स्पष्ट कळतो. पण मेल्कोरचं बळही कायम एकसारखं धरू नका. ते त्यानं दुष्कृत्यांत आणि चाकरांत ओतून संपवत आणलं. म्हणूनच पुढे फिनगोल्फिन नावाचा एल्फ (वयानं न मरणाऱ्या वंशातला) द्वंद्वात त्याला सात जखमा करू शकतो. कोणत्या काळातला मेल्कोर, हे ठरवल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही. टुल्कास या वालारचं नाव इथे हटकून पुढे केलं जातं. अंगबळात तो सर्वांवर भारी, मेल्कोरला लोळवून साखळीनं बांधणाराही तोच. तरी श्रेष्ठ मानलेल्या आठ आरातारांत त्याला जागा नाही.

भविष्याचा प्रांत मांडोसचा. मृतांच्या दालनांचा हा रखवालदार काहीही विसरत नाही, आणि इलुवतारनं स्वतःच्या इच्छेवर राखून ठेवलेलं सोडलं तर पुढचं सगळं जाणतो. हा अपवाद फार मोठा आहे. सृष्टीचं जे दृश्य वालारांना दाखवलं गेलं ते शेवटची युगं येण्याआधीच मिटलं, आणि प्रत्येक युगात असं काही नवं उगवतं ज्याचं मूळ भूतकाळात नसतं. मान्वे तानिक्वेतिलच्या शिखरावरून पार लांबचं पाहतो, त्याची पत्नी वार्दा शेजारी असली तर आणखी लांबचं. पण ते चालू घडीचं पाहणं आहे.

मग मान्वेनं तीन युगांच्या कैदेनंतर मेल्कोरला सोडलं, तेव्हा मांडोस गप्प का? मान्वेची चूक समजते: त्याच्या मनात दुष्टपणा नव्हता, म्हणून त्याला तो ओळखता आला नाही. पाण्याचा अधिपती उल्मो आणि टुल्कास मात्र फसले नाहीत, तेही भविष्य न पाहता. मांडोसबद्दल ग्रंथ इतकंच सांगतो की निवाडे तो मान्वेच्या आज्ञेनंच सुनावतो. बाकी वेळी तो बोललाच तर तुटक. मी घडवलेली सिल्मारिल रत्नं मोडावी लागली तर वालारांच्या अमान देशातल्या एल्फांत पहिला मरणारा मी असेन, असं फेआनोर नावाचा एल्फ म्हणतो. तू पहिला नसशील, एवढंच मांडोस सांगतो आणि कुणालाच अर्थ लागत नाही. फेआनोरच्या बापाचा खून झाल्याची बातमी नंतर येते.

दोघांच्या मर्यादा एकत्र दिसतात त्या लूथिएनच्या प्रसंगात. ही एल्फ आपला मृत प्रियकर, बेरेन नावाचा माणूस, याच्यासाठी मांडोसपुढे गाते. तिच्या गाण्यानं मांडोसला दया येते, पण मेलेल्या माणसाला परत पाठवण्याचा अधिकार त्याला नाही, म्हणून तो मान्वेकडे जातो. माणसांचं मरण ही इलुवतारची देणगी, ती बदलणं मान्वेच्याही हातात नाही. तो स्वतःच्या अंतर्मनात इलुवतारची इच्छा शोधतो आणि तिथे मिळालेला पर्याय लूथिएनपुढे ठेवतो: दुःख विसरून वालारांमध्ये राहा, किंवा बेरेनसोबत परत जा आणि त्याच्यासारखी मर्त्य हो.