पार्टिसिपल फ्रेज की अ‍ॅब्सोल्युट फ्रेज? आधी बघा कर्ता कोणाचा

"क्रॉसिंग द मांडवी, द रेन स्टार्टेड." अशी वाक्यं लिहिणाऱ्याला खटकत नाहीत, कारण मराठीत "मांडवी नदी ओलांडताना पाऊस सुरू झाला" हे अगदी बरोबर आहे, आपलं -ताना कर्ता वेगळा असला तरी चालवून घेतं. इंग्लिश नाही घेत. तिथे पार्टिसिपल फ्रेजला, म्हणजे "क्रॉसिंग"सारख्या क्रियापदाच्या अपुऱ्या रूपाने सुरू होणाऱ्या तुकड्याला, स्वतःचा कर्ता नसतो, ती कॉमानंतरच्या वाक्यातला कर्ता उसना घेते, म्हणजे इथे मांडवी ओलांडली ती पावसाने! याला डँगलिंग पार्टिसिपल म्हणतात. "क्रॉसिंग द मांडवी, वी गॉट ड्रेंच्ड" लिहा, ओलांडणारे आपण आणि भिजणारेही आपणच.

मराठीत ही शिस्त सहसा -ऊनला असते. "जेवून मी निघालो" चालतं, "मी जेवून बस आली" लगेच कानाला टोचतं. म्हणून पार्टिसिपल फ्रेज लिहिताना -ऊन डोक्यात ठेवा, -ताना नको.

अ‍ॅब्सोल्युट फ्रेज मात्र आपला कर्ता सोबत घेऊनच येते आणि एका शब्दाला नाही तर अख्ख्या वाक्याला लागते. "द रेन हॅविंग स्टॉप्ड, वी टुक द फेरी टू चोडण." थांबला पाऊस, फेरीत चढलो आपण, कर्ते दोन आणि तरी वाक्य शुद्ध. तिच्यात पूर्ण क्रियापद नसतं एवढंच, आणि नेमके इथेच लोक घसरतात, "द रेन हॅड स्टॉप्ड, वी टुक द फेरी" लिहिलं की दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमाने चिकटवल्यासारखं होतं, तो कॉमा स्प्लाइस, तिथे अँड तरी घाला नाहीतर फुलस्टॉप द्या.

ओळखायला एक सोपी टेस्ट आहे, मला तरी हीच सगळ्यात भरवशाची वाटते. फ्रेजमध्ये वॉज किंवा वेअर घालून बघा, हॅविंग असेल तर त्याचं हॅड करून बघा. "हिज शर्ट सोक्ड, ही वेटेड ॲट द जेटी" यात "हिज शर्ट वॉज सोक्ड" असं पूर्ण वाक्य होतं, म्हणजे अ‍ॅब्सोल्युट. "क्रॉसिंग द मांडवी" मध्ये वॉज घालायला कर्ताच सापडत नाही, म्हणजे पार्टिसिपल.

"जनरली स्पीकिंग", "कन्सिडरिंग" वगैरे रुळलेले आहेत, त्यांना कर्ता कोणी विचारत नाही. पण "बीइंग फ्रायडे, म्हापसा मार्केट वॉज पॅक्ड" हे रुळलेलं नाही हां, मार्केट म्हणजे शुक्रवार नव्हे, पुढे इट लावून "इट बीइंग फ्रायडे" करा की झालं. बोलताना सरळ बिकॉज वापरलात तर जास्तच बरं.