अमेरिकी जाहीरनाम्यावरील सह्या ४ जुलैच्या नव्हेत

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ५६ प्रतिनिधींनी ४ जुलै १७७६ रोजी फिलाडेल्फियात एकत्र जमून सह्या केल्या, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. ब्रिटनपासून फारकत घेण्याचा ठराव काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, २ जुलैलाच संमत केला होता, आणि ४ जुलैला मंजूर झाला तो जाहीरनाम्याचा मजकूर. त्या रात्री जॉन डनलॅप यांच्या छापखान्यात छापायला घेतलेल्या प्रतींवर काँग्रेसचे अध्यक्ष जॉन हॅनकॉक आणि सचिव चार्ल्स थॉमसन यांचीच नावे आहेत, तीही छापील.

न्यूयॉर्कच्या प्रतिनिधींना होकार देण्याची मुभाच नव्हती. त्यांच्या प्रांतिक सभेने ९ जुलैला संमती दिली, तेव्हा कुठे १९ जुलैला तेरा राज्यांचा एकमुखी जाहीरनामा चर्मपत्रावर सुवाच्य अक्षरांत उतरवून घेण्याचे ठरले. त्यावर बहुतेकांच्या सह्या झाल्या २ ऑगस्टला. मॅथ्यू थॉर्नटन यांची सही तर नोव्हेंबरमधली आहे, आणि जुलैमध्ये ते काँग्रेसचे सदस्यही नव्हते.

गैरसमज पसरण्यास हे चर्मपत्रच बरेचसे कारणीभूत आहे, कारण त्याच्या माथ्यावर ४ जुलै हीच तारीख आहे. त्यातच जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणारे खुद्द थॉमस जेफरसन यांनीही पुढे उतारवयात सह्या त्याच दिवशी झाल्याचे ठामपणे सांगितले.